बारा घरांची जीप

माझं लग्न एका जीपमुळं जमलं आणि ती जीप माझी नव्हती, एवढं आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. लग्नसराई आली की कुणीतरी ती गोष्ट काढतं, सगळे हसतात, मीही हसतो. पण गल्लीत सांगतात तशी ती घडलेली नाही. कशी घडली हे तीन माणसांना माहीत होतं. त्यातले दोघं गेले, उरलो मी. आणि मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी तर नाहीच नाही.

आता लिहितोच आहे, तर आधी माणिककाकांना आणलं पाहिजे. त्यांच्याशिवाय या गोष्टीला चाकं नाहीत.

माणिककाका एसटीत कंडक्टर होते. परभणी, पाथरी, सेलू या रस्त्यांवर त्यांची उभी हयात गेली, आणि उभी म्हणजे खरंच उभी. निवृत्त झाल्यावरही ते घरात फारसे बसत नसत. दाराच्या चौकटीला एक खांदा लावून, गुडघे किंचित वाकवून उभे राहायचे. घराला गचका बसला तर तयारी असावी, अशी ती ऐट. लाल झेंडा त्यांनी पुष्कळ मोर्चांत उचलला, पण त्यांना समाजवादी केलं ते झेंड्यानं नाही, एसटीनं.

"एसटीत सावकार अन् सालगडी एकाच बाकड्यावर बसतेत," ते सांगायचे. "तिकीट सारखं, गचके सारखे. उलटी झाली तर खिडकी बी सारखीच. आजून काय पायजे?"

आणि त्यांचं जगाविषयीचं एकूण अनुमान असं: "जागा कमी न्हाई रे. मधी समदं मोकळं हाय. लोक दाराशीच गर्दी करून उभे ऱ्हातेत, पुढं सरकत न्हाईत, एवढाच घोटाळा हाय." हे ते रेशनच्या रांगेत म्हणायचे, पंगतीत म्हणायचे, आणि एकदा तर मयतीला, खांदा द्यायला एकाच बाजूला झुंबड झाली तेव्हाही म्हणाले होते. लोक सरकलेही.

त्यांना कुठलीही वस्तू अख्खी खाता येत नसे. पेरू दिला तर ते आधी इकडंतिकडं बघायचे, कुणीतरी दिसेपर्यंत पेरू हातातच. गल्लीत कुणीच नसलं की अर्धा पेरू गाढवाला. त्या गाढवाचं आमच्या गल्लीत मोठं वजन होतं.

काकांची सगळी भांडणं एकाच माणसाशी, आणि ती रोज. गल्लीच्या तोंडाशी झुंबरशेठचं घर. शेठचा सरकीचा, कापसाचा व्यापार. आमच्या सेलूच्या बाजारात त्यांचा शब्द चालायचा, पण अंगात कायम ठिगळाची बंडी आणि पायात काही नाही. पैसा दिसला की त्याला नजर लागते, असा त्यांचा पक्का समज. त्यांच्याकडं एक मोटार होती, तीही परसात ताडपत्रीखाली झाकलेली. दिवाळीला ताडपत्रीवरूनच तिची पूजा व्हायची.

संध्याकाळी शेठच्या ओट्यावर चहा यायचा. एक कप, दोघांत. काका बशीतला घ्यायचे.

"कॉम्रेड, भांडवलदाराचा चहा गोड लागायलाय का?"

"साखर कामगारानं केली, म्हून लागायलाय."

"अन् पैसे?"

"तेवढं तुजं काम. तुला दुसरं येतंय काय?"

यावर शेठ पोट धरून हसायचे. गावात त्यांच्याशी असं बोलायची कुणाची हिंमत नव्हती, आणि त्यांना त्याचीच भूक होती, असं मला आता वाटतं.

काकांनी आमच्या बारा घरांत पहिला प्रयोग केला तो कूलरचा. परभणीचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला कूलर म्हणजे काय ते सांगायला नको. बारा घरांत मिळून एक कूलर घेतला आणि पाळी लावली, रोज दुपारी एक घर. काकांचा हिशोब चोख होता, फक्त माणसांच्या बाजूनं चुकला. कूलर ज्या घरी जाई, त्या घरी अख्खी गल्ली झोपायला येई. उशा घेऊन. ज्याच्या घरची पाळी तो बिचारा उंबऱ्यावर पंचा ओला करून बसलेला. काका मात्र दारात उभे, खूष. "बघा, घरं बारा हुती, एक झालं."

शेठ ओट्यावरून ओरडले, "कॉम्रेड, एक न्हाई, अकरा रिकामी झाली. चोराला सांगून ठेवू का?"

कूलर बंद पडला तो पाण्यापायी. नळाला पाणी कधी आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा. प्यायला मिळेना, तिथं कूलरच्या टाकीत कोण ओतणार? गल्लीत एकच बोअर होती जिला भर मे महिन्यातही पाणी असायचं, आणि ती झुंबरशेठची. बायका त्या कुंपणाकडं बघत घागरी घेऊन लांबच्या हापशाला जायच्या.

मग आली जीप. जुनी, मागं कापडी हूड, बाकं समोरासमोर. बारा घरांनी ज्याला जमेल तसे पैसे घातले. जास्त घालणाऱ्याला जास्त पाळ्या नाहीत, ही काकांची अट. काकांना गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. "मी कंडक्टर हाय. ज्याचं काम त्यानं करावं." त्यांनी जीपला मागून पुढं एक दोरी ओढली आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर घंटी टांगली. एक घंटी थांबायला, दोन निघायला. गल्लीत चालवणारे आम्ही तिघंच, आणि त्यातला रिकामा मी. मी तेव्हा शाळेत लिपिक, बिनलग्नाचा, आणि इतका कमी बोलणारा की हेडमास्तर मला हजर आहे की नाही हे खुर्चीकडं बघून ठरवायचे. जीप धुणं, पंक्चर काढणं, चालवणं, सगळं हळूहळू माझ्याकडं आलं.

जीप दारात उभी राहिली त्या संध्याकाळी शेठ ओट्यावरून उतरून तिच्याभोवती एक फेरी मारून आले.

"कॉम्रेड, साल भरायच्या आत ह्या बारांतला कुणीतरी ही जीप एकट्याची म्हणून सांगंल. मान्सं हायेत, मुंग्या न्हाईत."

"न्हाई सांगितलं तर?"

"तर माझ्या बोअरचा पाइप तुमच्या गल्लीत. कायमचा. अन् सांगितलं, तर सालभर तू मला चारचौघांत मालक म्हणायचं."

बायका दारांतून ऐकत होत्या. काकांनी हात पुढं केला. त्या हातात आता बारा घरांच्या घागरी होत्या.

ते वर्ष! माझ्या आयुष्यात तेवढं हसणं पुन्हा आलं नाही. लग्नाच्या तिथी सगळ्यांच्या एकच असतात हे काकांच्या ध्यानातच आलं नव्हतं. एकाच दिवशी पाच घरांना पाच गावच्या लग्नांना जायचं. काकांनी एसटीसारखी फेरी आखली: सगळ्यांना एकदमच कोंबायचं, वाटेवरच्या गावांत उतरवत जायचं. त्या गडबडीत गल्लीतल्या गंगूआजी मानवतऐवजी अलीकडच्याच एका गावात उतरल्या. मांडव दिसला, शिरल्या. नवरीला लुगडं दिलं, पोटभर जेवल्या, विहिणीशी मानपानावरून दोन शब्दही झाले. संध्याकाळी आम्ही घ्यायला गेलो तेव्हा त्या घरचे लोक त्यांना सोडायला कबूल होईनात. आजींच्या मुलानं डोक्याला हात लावला, तर काका म्हणाले, "लगीन लागलं का? लागलं. अक्षता पडल्या का? पडल्या. मग चुकलं काय?"

दसऱ्याला जीपला बारा हार. पुढचं काही दिसेना म्हणून मी मान बाहेर काढून चालवली. खिडकीच्या जागेवरून पोरं भांडायची, तर काकांनी दर मैलाच्या दगडाला शिट्टी ठेवली. शिट्टी झाली की सगळ्यांनी एक जागा सरकायचं. म्हाताऱ्यांनीही. पाथरीला पोचेपर्यंत लोक व्यायाम करून उतरायचे. आणि वाटेत कुणी हात केला की थांबायचंच. पैसे घ्यायचे नाहीत. "हात केलेल्या मान्साला सोडून जायचं म्हंजे ती गाडी न्हाई, तो मालक झाला."

झुंबरशेठ म्हणायचे, "माझी मोटार चालत न्हाई, अन् ह्यांची जीप थांबत न्हाई."

वर्ष भरायला महिनाही उरला नव्हता, तेव्हा मला पालमची मुलगी सांगून आली. जीपची पाळी आमच्या घराची नव्हती, पण गल्लीनं दिली. मी, आई आणि काका निघालो. पोचलो तेव्हा उतरणारी माणसं सात. गंगाखेडच्या अलीकडं हात केलेला एक दाढीवाला, दोन बाया, एक बोकड घेतलेला गडी, सगळे सरळ बैठकीत येऊन बसले. घरचे तरी कुणाला काय विचारणार? पाव्हणेच ते. त्या दाढीवाल्यानं दोन बशा पोहे खाल्ले आणि मुलगी समोर आल्यावर घसा खाकरून विचारलं, "बाई, सैपाक येतो का?"

सुरेखानं त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "तुमी खायलाव ते कुणी केलं मग?"

मला तिथंच ती आवडली.

आता ते, जे आजवर कुणापाशी बोललो नाही. मी बाहेर येऊन जीपची काच पुसत होतो. मुलीचे मामा आले. काळी टोपी, डोळे बारीक. त्यांनी बॉनेटवर थाप मारली.

"झकास हाय. कुणाची म्हणायची?"

बारा घरांची, असं म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी म्हणालो, "माझी."

त्यानंतर मला जी मजा आली ती सांगायची मला आजही लाज वाटते. पाठ आपोआप ताठ झाली. बॉनेटवर हात ठेवला तर ते पाळलेल्या जनावरासारखं उबदार लागलं. आणि एकदा सुटलो तो सुटलोच. डिझेलचं काही विचारू नका, म्हणालो. पण हौस आहे, म्हणालो. पुढच्या साली दुसरी बघतोय, ही गड्याला देऊन टाकीन, म्हणालो. मला गडी नव्हता. आयुष्यात मी एवढं सलग कधी बोललो नव्हतो. मामा माना डोलवत आत गेले आणि मी वळून बघितलं, तर हुडाच्या आत मागच्या बाकावर काका बसलेले. घंटीची दोरी सैल झाली होती, तिला गाठ मारत होते. त्यांनी वर बघितलं नाही. गाठ मारून झाली, दोरी ओढून बघितली.

परतीच्या वाटेवरही ते हात करणाऱ्यांसाठी घंटी बरोबर वाजवत होते.

आठवड्याभरानं सुरेखाचे वडील, अण्णा, न सांगता घर बघायला आले. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी नेमकं शेठलाच विचारलं, "ते जीपवाले पाव्हणे कुठं ऱ्हातेत? ज्यांची सोताची जीप हाय ते?"

झुंबरशेठ एवढे पळालेले मी पहिल्यांदा आणि शेवटचे पाहिले. धोतर एका हातात, अण्णांचं मनगट दुसऱ्या हातात. "निघा, निघा, समदे भाईर निघा. सोताची जीप हाय म्हणं." गल्ली गोळा झाली. लिंबाखाली काका अर्ध्या बादलीत जीप पुसत होते.

अण्णांना गोष्ट कळायला वेळ लागला नाही. त्यांचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. "बारा घरांची असू द्या न्हाई तर बैलगाडी असू द्या. आमी काय धनाला भुललो न्हाई. गरीब चालंल, लबाड चालत न्हाई. आमच्या मेव्हण्याला सांगितलं कुणी, तेवढं सांगा. पोरानं सांगितलं असंल, तर हितूनच राम राम."

मी उंबऱ्यात उभा. आई माझ्याकडं बघायला लागली. बारा घरच्या बायका तिथं होत्या, आणि पंधरा-वीस दिवसांवर आलेला तो पाइप.

काकांनी फडकं पिळलं. "मी सांगितलं," ते म्हणाले.

शेठचं तोंड उघडंच राहिलं. "तू?"

"हौ. मीच जीपला मालक लावला. पैज हरलो."

"कॉम्रेड, थट्टा करायलास का?"

"थट्टा न्हाई. पोराचं लगीन जमावं म्हून थाप मारली." मग अण्णांकडं वळून, "हे पोरगं बाजूलाच हुतं. पर ह्याच्या तोंडातून हूं निघायलाबी येळ लागतो. तवर मी घंटी मारून मोकळा."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. माझं गप्प बसणं हा जन्माचा दोष. त्या दिवशी तोच माझ्या बाजूनं साक्षीला उभा राहिला. अण्णा हळूहळू हसायला लागले. "म्हातारं थापाडं हाय," ते म्हणाले, "पोरगं बरं दिसतंय."

शेठनं पेढे आणवले, पण स्वतः खाल्ला नाही. त्यांना पैज जिंकायची होती. कॉम्रेडनं स्वतः हरून हाती दिलेली नको होती. शब्दाला मात्र दोघंही पक्के. पाइप आला नाही. आणि सालभर काका भर बाजारात कमरेत वाकून म्हणायचे, "मालक, जरा पुढं सरका, लोकास्नी जाऊ द्या." शेठ लाजून दुकानात शिरायचे. सहाव्या महिन्यात शेठनंच हात जोडले की आता पुरे. काकांनी सूट घेतली नाही.

मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडं गेलो होतो. म्हणालो, काका, मी सांगून टाकतो.

"तिकीट फाडलंय रे," ते म्हणाले. "फाडलेलं काय परत चिकटवायचं असतंय? जा, खिडकीला बस."

मी जाऊन बसलो. सोपं होतं. लग्नात मामा अक्षता घेऊन जवळ आले आणि कानात म्हणाले, "जावईबापू, थाप कुणी मारली ते मला ठावं हाय. पर पोरगी हसायलीय आज. ऱ्हाऊ द्या." तेही आता नाहीत.

त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या कैक उन्हाळ्यांत गल्लीतल्या बायका हापशावरून येताना काकांच्या दारात घागर टेकवायच्या. "काका, तुमच्या एका थापेनं आमची कंबर गेली बगा." काका घागर उचलून त्यांच्या घरी पोचवायचे. सुरेखा लग्न होऊन आली ती त्यांना "खोटारडे काका" म्हणूनच हाक मारायला लागली. लाडानं. गरम भाकरी नेऊन द्यायची आणि म्हणायची, "खोटारडे काका, अर्धी मोडा." ते मोडायचे. मी बाजूला बसून जेवायचो. घास उतरायचा, खोटं कशाला बोलू. पण दरवेळी थोडा अडून उतरायचा.

जीप पुढं भंगारात गेली. आज गल्लीत सात मोटारी आहेत, ज्याची त्याची, आणि लिंबाच्या सावलीवरून रोज कटकट. मीही हप्त्यावर एक घेतली. शोरूमवाल्या पोरानं किल्ली हातात दिली तेव्हा मी मुद्दाम मनात म्हणून बघितलं: माझी. काहीच झालं नाही.

काकांना शेवटचं पाहिलं ते सेलूच्या बसस्टँडवर. त्यांची मुलगी त्यांना पूर्णेला घेऊन निघाली होती. सुरेखानं धपाटे बांधून दिले होते. बस भरलेली, काकांना जागा मिळाली, पण बसतील तर ना. दाराशी गर्दी दिसली आणि त्यांचा आवाज लागला, "पुढं सरका, मधी मोकळं हाय."

कंडक्टर एक तरुण पोरगी होती. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आजोबा, कंडक्टर मी हाय."

काका इतके खूष झाले की विचारू नका. "मग बोल की. मोठ्यानं बोल."

ती ओरडली. बस खरंच सरकली. काकांनी डबा उघडला, एक धपाटं मोडून अर्धं तिच्या हातात दिलं आणि विचारलं, "डबल मारू का?" तिनं हसून मान हलवली. त्यांनी पाठ सरळ केली, दोरी धरली, दोनदा ओढली. मी खिडकीखाली उभा होतो. बोलायचं होतं तेच राहिलं. बस निघाली.

पोळ्याच्या आधी पूर्णेहून निरोप आला.

लिंबाखाली आम्ही सगळे बसलो. झुंबरशेठला दोघांनी धरून आणलं. ते म्हणाले, "जन्मभर त्यानं कशाला मालक लावला न्हाई. एकदाच लावला, तोबी दुसऱ्याच्या नावानं." रडता रडता गल्ली हसायला लागली. सुरेखा सगळ्यात मोठ्यानं, पदर तोंडाला लावून. "खोटारडे काका," ती म्हणाली. शेठ मात्र हसले नाहीत. मान हलवत स्वतःशीच पुटपुटले, "तो कसा काय हरला, ते मला आजून उमगलं न्हाई."

मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो.

जीपला मालक मी लावला, काकांनी नाही. हे मला झुंबरशेठला सांगायचं आहे, सुरेखाला सांगायचं आहे, आणि घागरी वाहिलेल्या प्रत्येक बाईला तिच्या दारात जाऊन सांगायचं आहे. लिहून झालं. तोंडानं सांगणं अजून बाकी आहे.